गटारीनंतर ‘आजपासून बंद’ म्हणण्याआधी

गटारी झाली, श्रावण लागला की घराघरांत घोषणा होते, "आजपासून बंद!" अधूनमधून पिणाऱ्याने महिनाभर घेतली नाही तर चांगलेच आहे. मी बोलतोय ते रोज पिणाऱ्याबद्दल. सकाळी ज्याचे हात थरथरतात आणि एक क्वार्टर पोटात गेल्यावरच थांबतात, त्याने एका झटक्यात सोडणे जिवावर बेतू शकते. "मर्द असशील तर आजच सोडून दाखव" म्हणणाऱ्या मेहुण्या-काकांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

दारू मेंदूचे काम मंदावते. ती रोज मिळू लागली की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावायला शिकतो. दारू अचानक थांबली तरी तो जोर तसाच राहतो. शेवटच्या पेगनंतर ६ ते १२ तासांत घाम, थरथर, धडधड, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना दिवस-रात्र कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचाराविना माणूस दगावू शकतो. घरचे मात्र याला बाहेरची बाधा समजतात. अंगारे-धुपारे करण्यात नेमके तेच मोलाचे तास जातात.

इथे इच्छाशक्ती काय करणार? फिट येणे मनाच्या जोरावर थांबत नाही.

त्याला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावू नका. "डॉक्टर, नुसती सलाईन लावा" हा हट्टही नको. अशा रुग्णाच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व बहुधा कमी असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. आणि कृपा करून भाजीत चोरून गोळी मिसळू नका. डायसल्फिराम पोटात असताना तो प्यायला, तर रक्तदाब धाडकन खाली येतो.

मग करायचे काय? सोडायच्या आधी डॉक्टरांकडे जा आणि खरा आकडा सांगा. "कधीतरी घेतो" ऐकून मी औषधाचा डोस कसा ठरवू? बहुतेकांना आठवडाभर उतरत्या डोसच्या गोळ्या आणि बी-१ पुरते. पूर्वी फिट आली असेल, लिव्हर खराब असेल किंवा घरात सोबत कुणी नसेल, तर ॲडमिट व्हा. या गोळ्या केमिस्टकडून परस्पर घेऊ नका, त्यांचीही सवय लागते. रोज पिणाऱ्याला आज डॉक्टर भेटणारच नसतील, तर भेटेपर्यंत एकदम शून्यावर येऊ नका. डॉक्टर असून हे सांगतोय, नवल वाटेल, पण खरे आहे.

आठवड्यानंतर तलफ येतच राहील. त्यासाठी समुपदेशन, एए च्या सभा आणि तलफ कमी करणारी औषधे आहेत. १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर, फोन मोफत आहे. फिट आली किंवा माणूस असंबद्ध बडबडू लागला, तर मात्र थेट १०८.