फुकटचं वाचनालय आणि आपली गैरहजेरी

मुंबईहून महामार्गाने महाडला येताना डोंगरात गांधारपाले लेणी दिसतात. सुमारे तीस लेणी आहेत, त्यात कानभोज विष्णुपालित या राजकुमाराचा ब्राह्मी शिलालेख आहे. पायऱ्या चढायच्या आणि आत जायचं, तिकीट नाही. बिरवाडीतले आपले तरुण या डोंगराखालून शेकडो वेळा गेले असतील. त्यांतले किती जण वर चढले, हे आपापल्या मोहल्ल्यात एकदा विचारून पाहा.

वाचनालयांचंही तसंच आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. त्याखाली सरकारमान्य वाचनालयांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी होते आणि त्यानुसार त्यांना अनुदान मिळतं. हा पैसा जनतेच्या खिशातून येतो, म्हणजे आपल्याही. वाचनालय सर्वांना खुलं असणं ही मान्यतेची मूळ कल्पनाच आहे. वर्तमानपत्रं आणि मासिकं तिथे बसून वाचायला सहसा पैसे पडत नाहीत, आणि पुस्तक घरी न्यायचं तर अनामत व वर्गणी अगदी किरकोळ असते. जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे अलिबागला, शासनाचं जिल्हा ग्रंथालयही आहे.

तरी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा आपला मुलगा दरमहा पैसे भरून खासगी अभ्यासिकेत खुर्ची घेतो. तिथे वायफाय आहे, शांतता आहे, मान्य. पण आधी गावातलं वाचनालय पाहून, ते अपुरं पडलं म्हणून तो तिकडे गेला, असं क्वचित होतं. ते कधी उघडतं हेच माहीत नसतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला हा दोष आधी शोधण्याच्या सोयीचा वाटतो. मोबाइलच्या नकाशावर ‘लायब्ररी’ टाकलं की फी घेणाऱ्या अभ्यासिका फोटो आणि वेळेसकट वर येतात. अनुदानावर चालणारं जुनं वाचनालय एक तर तिथे नसतंच, नाही तर असतं आणि वेळ, फोन, फोटो काहीच नसतं. ही दुरुस्ती कुणालाही करता येते, दहा मिनिटांचं काम आहे.

पण दोष तेवढ्यावर संपत नाही. ‘ती त्यांची वाचनालयं’ अशी एक समजूत आपल्या मनात घर करून बसली आहे. थोर पुरुषाचं नाव, भिंतीवर तसबिरी, मराठी पुस्तकं. आपलं तिथे काय? बोलीपासून बाजारापर्यंत आपला सगळा व्यवहार ज्या भाषेत चालतो, तिच्याच पुस्तकांना परकं मानायचं, हे मला कधी समजलेलं नाही.

याची किंमत काय, ते महाडातच दिसतं. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथे दुसरी परिषद भरली आणि मनुस्मृतीचं दहन झालं. त्या परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. मार्चमध्ये सत्याग्रहींवर हल्ला झाला तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला होता. ‘बहिष्कृत भारत’ हे बाबासाहेबांचं पाक्षिक ३ एप्रिल १९२७ ला निघालं, आणि महाडचं प्रकरण त्यात सविस्तर आलं. राज्य शासनाने पुढे त्या अंकांचा खंड स्वस्तात छापला. आजही ‘या मातीशी तुमचा संबंध काय’ असं विचारणारे भेटतात आणि आपला मुलगा गप्प बसतो किंवा चिडतो. उत्तर त्याच्याच तालुक्याच्या इतिहासात आहे आणि ते वाचायला जवळजवळ काहीच खर्च नाही. महाडात राष्ट्रीय स्मारक उभं आहे. कॉलेजसाठी बिरवाडीहून रोज एस.टी.ने जाणाऱ्यांच्या पासात तिथवरचा प्रवास धरलेलाच आहे.

मुंबईत राहणाऱ्या आपल्या माणसांची तर चैन आहे. जामा मशिदीचं विश्वस्त मंडळ कोकणी मुसलमानांचं. तिथल्या कुतुबखाना मुहम्मदियामध्ये अरबी-फारसी हस्तलिखितं आहेत (जाण्याआधी चौकशी करावी). टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीकडे फिरदौसीच्या शाहनाम्याचं हस्तलिखित आहे आणि त्याच इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं चिलखत पाहायला मिळतं. तिथे तिकीट आहे. मणिभवनही आहे. सुट्टीत पाहुणे आले की आपण त्यांना हाजीअली आणि मॉल दाखवतो. त्यात यांतलं एखादं ठिकाण जोडायला काय हरकत आहे?

गावात राहून मोबाइलवरही बरंच मिळतं. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, मराठी विश्वकोश, उर्दूसाठी रेख्ता, सगळं मोफत. मात्र घरात सहा माणसं आणि दोन खोल्या असतील तर मुलीला पुस्तकाआधी टेबल लागतं, दोन तास कुणी हाक मारणार नाही अशी जागा लागते. ती जागा वाचनालय देतं. बारावीनंतर घरी बसून बाहेरून परीक्षा देणाऱ्या आपल्या मुलींना तिची गरज सर्वांत जास्त आहे, आणि त्याच तिथे सर्वांत कमी दिसतात. जलशात इल्मवर तासभर बोलणाऱ्या आपल्या बुजुर्गांनी शुक्रवारी नमाजनंतर वाचनालयाची वेळ आणि वर्गणी जाहीर केली, आणि आपल्या लेकीला स्वतः पहिल्या दिवशी सोबत नेलं, तर बाकीच्या घरांतलं अडखळणं निम्मं कमी होईल. जमातीने दहा गरजू विद्यार्थ्यांची अनामत भरली तरी एका वलिम्यातल्या एका पदार्थाइतकाही खर्च येणार नाही.

कुठे कार्यकारिणी टाळाटाळ करत असेल, तर सभासद होऊन वार्षिक सभेत बसावं, उर्दू पुस्तकांची आणि मुस्लिम मराठी लेखकांच्या पुस्तकांची यादी लेखी द्यावी. बाहेरून कुरकुर केल्याने कपाटात पुस्तक येत नाही.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या वाचनालयांची यादी आम्ही करायला घेतली आहे. तुमच्या गावात वाचनालय असेल तर एकदा आत जाऊन या. उघडण्याची वेळ, सुट्टीचा वार, अनामत, वर्गणी, मुलींना बसायला जागा आहे का आणि पंखा चालतो का, एवढं आम्हाला लिहून कळवा. पंख्याचं विसरू नका, एप्रिलमध्ये बिरवाडीत बसून अभ्यास केलेल्याला ते कळेल.