आठवड्याच्या हिशेबातला चौथा रकाना



गटाच्या बैठकीत महागाईचा विषय निघाला की बोलणं हमखास चुलीपर्यंत येतं. तूरडाळ परवडत नाही म्हणून कुणी मसूर आणते, कुणी डाळीत दुधी घालून ती वाढवते. आठवडी बाजार उठायच्या बेताला गेलं की भाजी स्वस्त पडते. रविवारी मोड आणलेली मटकी सोमवारी उसळीला होते, उरलेली मंगळवारी आमटीत जाते. पगाराला आठ दिवस राहिले की पिठलं-भाकरी, कढी-भात, चटणी. सात रात्रींची जेवणं ठरलेल्या पैशांत बसवायची तर भाव माहीत असावे लागतात, कोणती भाजी किती दिवस टिकते ते कळावं लागतं, रॉकेलचा किंवा गॅसचा अंदाज लागतो आणि घरातल्या प्रत्येकाची आवडनिवड सांभाळावी लागते. हेच काम कुणी कचेरीत बसून केलं तर त्याला पगार मिळतो. घरात त्याला ‘बाई काटकसरी आहे’ एवढं प्रशस्तिपत्र मिळतं.

या कौशल्याचं मोल आपण जाणतोच. ‘कमी खर्चात आठवड्याचा बेत’ असली सदरंही आपण आवडीने वाचतो. पण ही सदरं एक प्रश्न कधी विचारत नाहीत. सगळी काटकसर करूनही कमी पडलंच, तर ते कोणाच्या ताटात कमी पडतं?

उत्तर आपल्याला पाठ आहे. आधी पुरुष जेवतात, मग मुलं, मग म्हातारी माणसं आणि शेवटी रांधणारी. तिच्या वाट्याला पातेल्याच्या तळाची पातळ आमटी येते, सकाळची भाकरी येते. ‘मला फारशी भूक नव्हती’ हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलेलं असतं, की घराला ते खरं वाटू लागतं. काही घरांत उपवासाचे वारसुद्धा याच हिशेबात बसलेले असतात. म्हणजे घराचं अंदाजपत्रक जुळतं, पण तूट तिच्या अंगावर निघते.

ही तूट मोजलेली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे त्यांना पंडुरोग. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. पंडुरोगाला पाळी, बाळंतपणं, जंत अशी इतरही कारणं आहेत. पण राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेलं प्रमाण पाहा. प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं, बाईला २९. जिला दीडपट लोह हवं, तिच्यापर्यंत उसळ आणि पालेभाजी पोचता पोचता संपलेली असते.

बाईचा वाटा कमी धरायची सवय केवळ घरातली नाही. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचं सूत्र ठरवलं. त्यात कामगाराच्या कुटुंबाचा खाण्याचा हिशेब असा होता: पुरुष एक, बाई ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६, मिळून तीन. बाईचं शरीर सरासरीने लहान, तिला उष्मांक कमी लागतात, हे मान्य करू. पण उष्मांक मोजले आणि रक्त मोजायचं राहिलं. याच सूत्रात बाईची कमाई हिशेबात धरायची नाही असंही ठरलं होतं. तिची कमाई शून्य, रांधण्याच्या श्रमांचा उल्लेख नाही आणि ताट पाऊणभर.

श्रमांचंही मोजमाप आता झालं आहे. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरातली बिनमोल कामं करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं आढळलं, आणि अशी कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं. पावणेपाच तासांहून जास्त राबून जी शेवटी जेवायला बसते, तिच्यासाठी कुणी वाढून ठेवलेलं नसतं.

म्हणून आमची सूचना आहे. आपल्या गटाने एक आठवडा हिशेब लिहावा. सात दिवस, चार रकाने. पहिल्यात रात्री काय शिजलं, दुसऱ्यात किती पैसे लागले, तिसऱ्यात कोणाचा किती वेळ गेला. चौथ्यात, कोण कितव्या पंगतीला बसलं आणि त्याच्या ताटात काय होतं. लिहिता न येणाऱ्या मैत्रिणीने खुणा कराव्यात. मग कागद मधे ठेवून बोलावं.

बोलताना काही साधे उपाय सुचतील. स्वयंपाक झाला की सगळ्यांचे वाटे एकदमच काढायचे, रांधणारीचाही. मुलगा आणि मुलगी यांच्या वाट्यात फरक करायचा नाही. उसळीवर लिंबू पिळलं किंवा सोबत आवळा खाल्ला तर अन्नातलं लोह अंगी जास्त लागतं. जेवणालगत चहा घेतला तर कमी लागतं. सुट्या पुड्या घेतल्या की डाळ महाग पडते, म्हणून चार-पाच घरांनी मिळून घाऊक बाजारातून डाळ-कडधान्यं आणावीत आणि वाटून घ्यावीत. आणि आठवड्यातले निदान दोन दिवस रात्रीच्या जेवणाचा पूर्ण भार, बेत ठरवण्यापासून भांडी घासण्यापर्यंत, घरातल्या पुरुषांनी उचलावा.

हे सांगायला सोपं आहे, याची आम्हाला जाणीव आहे. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मार खाल्लेल्या बायका आपल्या प्रत्येक केंद्रावर येतात. नवऱ्याने बायकोला मारणं कोणत्या कारणांसाठी योग्य वाटतं, असा प्रश्न वर सांगितलेल्या सर्वेक्षणातही विचारतात आणि त्या कारणांच्या यादीत ‘नीट स्वयंपाक न करणं’ हे एक कारण आहे. अशा घरात बाईने आपला वाटा आधी काढून ठेवणं हे धाडस ठरतं. ते तिने एकटीने करू नये. गटाने त्या घरी जावं, सासूशी बोलावं, नवऱ्याशी बोलावं, गरज पडली तर पाठीशी उभं राहावं.

शिवाय कितीही चोख वाटे काढले तरी काही घरांत मुळातच पुरत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं. ते २०२३ पासून मोफत आहे, हा मोठाच आधार आहे. पण दिवसाचा हिशेब केला तर ते माणशी १७० ग्रॅमही होत नाही, आणि डाळ-तेलाची हमी त्या कायद्यात नाही. याच कायद्याने रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या प्रौढ स्त्रीचं नाव घालायला सांगितलं आहे. कार्डावर जी प्रमुख, ती ताटावर शेवटची, हे आपण किती दिवस चालवून घ्यायचं?

१९७२ च्या दुष्काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. स्वयंपाकघरातली तूट ही सरकारने उत्तर द्यायची गोष्ट आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. रेशनवर डाळ आणि तेल ही मागणी आजही तितकीच रास्त आहे. ती घेऊन तहसील कचेरीत जाताना आपल्या हातात आपल्याच वस्तीचे भरलेले कागद असले, तर साहेबांना ‘पुरतं की सगळं’ असं म्हणता येणार नाही.

तेव्हा गटाच्या येत्या बैठकीत कागद वाटा. चौथा रकाना भरताना काय झालं, घरात कोण चिडलं, कोण गप्प झालं, कोणी पहिल्यांदाच आईला ‘तू जेवलीस का’ असं विचारलं, ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात या पत्रांसाठी पानं राखून ठेवत आहोत.

— संपादक मंडळ