पितळ अंबरनाथचं, गोळी फिनलंडची

शस्त्र कायदा, १९५९. त्याच्या कलम २ मधली दारूगोळ्याची व्याख्या एकदा शांतपणे वाचून बघा. तिच्यात काडतूस तर आहेच, पण काडतुसाचे सुटे भाग हाही दारूगोळा आणि ते बनवायचं यंत्र हाही दारूगोळाच. टेबलाला नटबोल्टने बसवलेला, हँडल ओढून चालणारा एक लोखंडी प्रेस, ज्याच्या आसपास दारूचा कणसुद्धा कधी आलेला नाही, तो कायद्याच्या नजरेत दारूगोळा आहे. कलम ५ सांगतं की परवान्याशिवाय दारूगोळा बनवायचा नाही. आणि डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ सांगतं की बनवलात तर किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. त्याआधी किमान ३ वर्षं होती.

ही शिक्षा कुणासाठी आहे ते ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. ‘दोन गावठी कट्टे, चार जिवंत काडतुसं जप्त’ ही बातमी आपल्याकडच्या पानावर इतक्या वेळा येते की नजर तिच्यावरून घसरून पुढे जाते. कट्ट्यांचे कारखाने चालवणाऱ्यांना जन्मठेप द्या, माझी हरकत नाही. माझं भांडण वेगळं आहे. या कलमाला कागदावर भोक पाडणारा नेमबाज दिसतच नाही. त्याच्याकडे पिस्तूल बाळगायचा परवाना असतो, गोळ्या विकत घ्यायची मुभा असते, त्या झाडायचीही असते. पण झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी पुन्हा भरणं हे ‘बनवणं’ होतं, आणि त्याचा परवाना वेगळा. तो परवाना असलेला एकही नेमबाज मला आजवर भेटलेला नाही.

हँडलोडिंग म्हणजे काय ते सांगतो, कारण मराठीत यावर फारसं काही वाचायला मिळत नाही. काडतुसाचे चार भाग असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी छोटी टोपी, आत मोजून घातलेली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. (दारूवरचा विनोद रेंजवर रोज होतो, इथे नको.) चाप ओढला की तीन गोष्टी संपतात आणि पुंगळी उरते. ती साफ करून, पुन्हा मापात आणून, नवी टोपी, दारू आणि गोळी घालून परत वापरता येते, आणि एकदा नाही, अनेकदा. बाहेरचे नेमबाज हे दोन कारणांनी करतात. पहिलं कारण पैसा. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: प्रत्येक पिस्तुलाचा स्वभाव वेगळा असतो. तुमच्या पिस्तुलाला मानवणारं, हाताला कमी झटका देणारं आणि पहिल्यापासून शेवटच्या गोळीपर्यंत एकसारखं वागणारं काडतूस तयार करता येतं. बॅडमिंटनवाला रॅकेटची जाळी आपल्याला हवी तेवढी ताणून घेतो, फलंदाज हातोडीने बॅट ठोकत बसतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की बॅट ठोकणाऱ्याला जन्मठेप होत नाही.

हे सगळ्यात जास्त लागू पडतं ते २५ मीटर सेंटर-फायर पिस्तूल या प्रकाराला. हा ऑलिंपिकमध्ये नाही, म्हणून आपल्याला माहीत नसतो. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आहे. जसपाल राणाने १९९४ मध्ये हिरोशिमाला आणि २००६ मध्ये दोह्याला आशियाई सुवर्ण घेतलं ते याच प्रकारात. दोह्याला त्याचे ६०० पैकी ५९० झाले होते आणि ती तेव्हाच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी होती. एकूण ६० गोळ्या. पहिल्या ३० सावकाश, पाच मिनिटांत पाच, आणि दहाचं वर्तुळ ५ सेंटिमीटरचं, म्हणजे टपरीवरच्या कटिंगच्या ग्लासाच्या बुडाएवढं. पुढच्या ३० घाईच्या: लक्ष्य तीन सेकंद समोर येतं, सात सेकंद आड जातं, दर वेळी एकच गोळी. यात बहुतेक जण ‘पॉइंट बत्तीस’चं काडतूस वापरतात, वॅडकटर गोळीचं. वॅडकटर म्हणजे चपट्या तोंडाची, जवळजवळ पूर्ण पुंगळीच्या आतच बसलेली गोळी. ती कागदात ऑफिसातल्या पंचिंग मशीनसारखं गोल, स्वच्छ भोक पाडते, म्हणजे रेषेवरच्या गुणावरून वाद होत नाही.

आता हिशोब करा. रोज १०० गोळ्या, आठवड्याचे चार दिवस, वर्षाचे ५२ आठवडे: २०,८००. मन लावून सराव करणाऱ्यासाठी हा आकडा मोठा नाही. यातली प्रत्येक गोळी बाहेरून येते. फिनलंडची लापुआ, इटलीची फिओकी, जर्मनीची आरडब्ल्यूएस, इंग्लंडची इली. खोक्यांवरची नावं तीच ती. त्यातली लापुआ ज्या नॅमो समूहात आहे तो सैन्यांसाठीही दारूगोळा बनवतो. युरोपात युद्ध चालू असताना वरळीच्या रेंजवरचा सराव त्यांच्या यादीत कितव्या नंबरावर असेल, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल.

आणि ही गोळी हवी त्याला मिळत नाही. ती आणण्याचा मार्ग नेमबाजी संघटनेतून जातो, किंवा तुम्ही ‘रिनाउन्ड शॉट’ असाल तर तुमच्या स्वतःच्या नावाने. रिनाउन्ड शॉट व्हायला राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेला किमान स्कोअर करावा लागतो. स्कोअर करायला सराव लागतो, सरावाला गोळ्या लागतात, आणि गोळ्या मोकळेपणाने मिळायला स्कोअर लागतो. आमच्या धंद्यात याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात आणि असा कोड रिव्ह्यूमधून पुढे जात नाही. नवोदितांसाठी वेगळा वर्ग आहे, फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने खेळाडूंच्या गोळ्यांची मर्यादा बरीच वाढवली हेही खरं. पण मर्यादा वाढवली म्हणून गोळी स्वस्त होत नाही. हंड्याचं तोंड मोठं केल्याने नळाला पाणी येत नसतं.

स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये ऑगस्ट २०२४ ला कांस्यपदक मिळालं, तेव्हा आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर तो होता. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत टीसी. त्याच्या शिक्षक वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढलं होतं, ही गोष्ट पेपरांत कौतुकाने छापून आली. जिद्द, त्याग, बापाचं काळीज. मला ती वाचून राग आला. खेळाचं खाद्य विकत घ्यायला एका शिक्षकाला कर्ज काढावं लागतं, ही व्यवस्थेवरची फिर्याद आहे आणि आपण तिची प्रेरणादायी पोस्ट केली. ज्यांच्या वडिलांना कर्ज मिळालं नाही, त्यांची पोस्ट कुणी केली नाही.

आता शीर्षकातलं पितळ. डोंबिवलीहून अंबरनाथ लोकल पकडली की पाचव्या स्टेशनावर उतरायचं. तिथला आयुध निर्माणी कारखाना काडतुसांच्या पुंगळ्यांसाठी लागणारं पितळ तयार करतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे. त्याच्या पुंगळ्यांच्या बुडावर ‘केएफ’ असा शिक्का असतो. जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव लहान शस्त्रांचीच काडतुसं बनवतं. १ ऑक्टोबर २०२१ ला या कारखान्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या. खडकी आणि वरणगाव ज्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले तिचं मुख्यालय पुण्यात आहे. म्हणजे पितळ आपल्या राज्यात, कारखाने आपल्या राज्यात, पदक आणणारे नेमबाज आपल्या राज्यात, आणि चपट्या तोंडाची शिशाची गोळी मात्र बर्फातून यावी लागते. वॅडकटर हे काही क्षेपणास्त्र नाही. ते खडकीला जमत नाही यावर माझा विश्वास नाही. कुणी मागितलं नाही आणि कुणाला देण्यात रस नाही, एवढंच.

माझ्या बाजूच्या लोकांशीही मला भांडायचं आहे. आमच्यात इंजिनिअर पुष्कळ, आणि ते रात्री यूट्यूबवर टेक्सासमधल्या काकांना गॅरेजमध्ये गोळ्या भरताना बघत बसतात. मग म्हणतात, आपल्यालाही घरी करू द्या, हा आपला हक्क आहे. मी डोंबिवलीत राहतो. २६ मे २०१६ ला इथल्या एमआयडीसीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्समध्ये झाला, आणि दोन्ही वेळा दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. ज्या शहरात बिल्डिंगला बिल्डिंग चिकटलेली आहे आणि जिन्यात चपलांच्या कपाटामुळे दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत, तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत कुणी टोप्यांची आणि दारूची खोकी ठेवलेली मला चालणार नाहीत. कितीही हुशार असला तरी. त्या काकांच्या गॅरेजच्या शेजारी मोकळी जागा आहे. आपल्या शेजारी जोशी काकू आहेत.

दुसरा आक्षेप याहून भक्कम आहे आणि तो पोलिसांचा आहे. पॉइंट बत्तीसचं हे काडतूस फक्त स्पर्धेच्या पिस्तुलात चालतं असं नाही. आत्मसंरक्षणाच्या परवान्यावर देशभर विकलं जाणारं सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर त्याच मापाचं आहे. कल्याण-भिवंडी पट्ट्यातल्या लग्नात कमरेला काहीतरी खोचून आलेले पाहुणे कुणी पाहिले नाहीत? दुकानातून घेतलेल्या गोळ्या परवान्यावर नोंदल्या जातात. घरी भरलेल्या गोळ्या कोण मोजणार? हा प्रश्न योग्य आहे. ‘आम्ही खेळाडू आहोत, आमच्यावर विश्वास ठेवा’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

उत्तर जर्मनीत आहे. तिथेही कायदा ढिला नाही. गोळ्या भरायच्या तर स्फोटकांच्या कायद्याच्या कलम २७ खाली वेगळी परवानगी काढावी लागते, आधी अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा द्यावी लागते, आणि त्या कागदाशिवाय दारू विकत मिळत नाही. राज्यसंस्थेने तिथे विचारलं की हे सुरक्षितपणे कसं करता येईल. आपल्या राज्यसंस्थेने प्रश्नच विचारला नाही, थेट जन्मठेप लिहून टाकली.

आपल्याकडे याच्याही एक पाऊल पुढे जाता येईल. घरी नकोच. भरायची ती रेंजवर. ज्या रेंजला आधीच शस्त्रागार आहे, नोंदवही आहे, पोलिसांची तपासणी आहे, तिथे एक खोली. परवाना व्यक्तीला नाही, त्या खोलीला. परीक्षा दिलेला एक जबाबदार माणूस, टोप्या मोजून आत, काडतुसं मोजून फायरिंग लाइनवर, पुंगळ्या मोजून परत. झाडली त्याच रेंजवर, म्हणून भरलेलं काडतूस फाटकाबाहेर जाणारच नाही. उलट आजच्या पद्धतीत खेळाडू विकतची खोकी गाडीत घालून घरी नेतो आणि कपाटात ठेवतो. पोलिसांना काळजी खरोखर हिशोबाची असेल, तर या खोलीचा हिशोब त्या कपाटापेक्षा जास्त चोख राहील.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. राही सरनोबतने २०१८ ला पालेम्बांगला जे आशियाई सुवर्ण घेतलं, नेमबाजीत वैयक्तिक आशियाई सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, ते २५ मीटर पिस्तूलमध्ये, म्हणजे ‘पॉइंट बावीस’च्या गोळीवर. कुसाळेची रायफलही बावीसचीच. या काडतुसात ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, वेगळी टोपी नसते, त्यामुळे ते पुन्हा भरणं व्यवहारात शक्य नाही. माझी खोली त्यांच्या कामाची नाही. त्यांना हवा आहे स्पर्धेच्या दर्जाची बावीसची गोळी इथेच बनवणारा कारखाना, आणि तो वरच्या पितळाच्या परिच्छेदात आहे.

तोवर काय होतं ते ठाणे ते कल्याण कुठल्याही क्लबात जाऊन बघा. आपल्याकडे पोरं १० मीटर एअर पिस्तूल खेळतात. एखाद्या गाळ्यात किंवा शाळेच्या हॉलमध्ये ते बसतं, ठरलेल्या ऊर्जेखालच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि छर्रे पॉकेटमनीत येतात. छान खेळ आहे, मीही तोच खेळतो. पण मग क्लबवाले पालकांना सांगतात की ‘तुमच्या मुलीचा कल एअरकडे आहे’. कल कसला? तिने दुसरं काही हातात घेतलंय का? पंधरा वर्षांच्या मुलीला तीन सेकंदांच्या लक्ष्यावर गोळी झाडण्यात मजा येते की नाही, हे तिला कळायचं तर आधी काही हजार गोळ्या लागतात. त्या नसतात. पुढे आकडेवारीत ती एअरची खेळाडू म्हणून मोजली जाते आणि वरून निष्कर्ष निघतो की २५ मीटरला मागणीच नाही, मग रेंज कशाला आणि गोळ्या कशाला.

मागणी आहे, आणि ती मोजायची पद्धत सोपी आहे. खडकीने पॉइंट बत्तीस वॅडकटरची एक चाचणी बॅच काढावी आणि पुंगळीमागे दर जाहीर करावा. महाराष्ट्रातल्या रेंजनी आपापल्या सभासदांकडून आगाऊ पैसे गोळा करून ऑर्डर द्यावी. झाडलेल्या पुंगळ्या मोजून परत पाठवायची अट घाला, आम्हाला मान्य आहे. ट्रेनने नेऊन देऊ.