लिथुआनियाची मुले, अमेरिकेचा बाजार

सप्टेंबर २०२३ मध्ये मनिला येथील विश्वचषक स्पर्धेत लिथुआनियाने बास्केटबॉलची महासत्ता असलेल्या अमेरिकेला ११०-१०४ असे नमविले, तेव्हा या खेळाच्या जाणकारांना फारसा धक्का बसला नाही. या बाल्टिक देशाची लोकसंख्या जेमतेम २९ लाख, म्हणजे २०११च्या जनगणनेतील पुणे शहराहूनही कमी. तरीही २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये त्याने अमेरिकेला असेच हरविले होते. नवल वाटावे ते दुसऱ्याच गोष्टीचे. १९९२पासून सलग सात ऑलिम्पिकमध्ये उतरलेला हा संघ टोकियो आणि पॅरिस या दोन्ही स्पर्धांना मुकला. टोकियोचा दरवाजा तर २०२१ मध्ये खुद्द कौनास शहरात, घरच्या प्रेक्षकांसमोर, लुका डॉन्चिचच्या स्लोव्हेनियाने बंद केला.

कौनासमध्येच हे घडावे, याची बोच लिथुआनियाबाहेरच्यांना सहजी कळणार नाही. बास्केटबॉल या देशाचा जणू दुसरा धर्म झाला तो याच शहरात. १९३७ मध्ये लिथुआनियाने युरोपीय विजेतेपद पटकाविले, त्यात अमेरिकेत जन्मलेल्या लिथुआनियन वंशाच्या खेळाडूंचा मोठा वाटा होता. बर्लिन ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून सुवर्णपदक जिंकलेला फ्रँक लुबिन आईवडिलांच्या देशात येऊन प्रानास लुबिनास झाला. १९३९च्या स्पर्धेसाठी कौनासने खास क्रीडागृह बांधले आणि तेथे लॅटव्हियाला अवघ्या एका गुणाने हरवून विजेतेपद राखले. वर्षभरातच सोव्हिएत फौजा आल्या आणि देशच नकाशावरून पुसला गेला.

राष्ट्रध्वज फडकविण्यावर बंदी असली, तरी बास्केटबॉलवर नव्हती. कौनासच्या क्लबचे नाव झाल्गिरिस. पोलिश व लिथुआनियन सैन्याने १४१० मध्ये जर्मन ट्युटॉनिक सरदारांचा पाडाव केला, त्या रणभूमीचे हे लिथुआनियन नाव. जर्मनांच्या पराभवाची आठवण मॉस्कोला खटकण्याचे कारण नव्हते. लिथुआनियनांना मात्र त्यात आपल्या गतवैभवाची खूण दिसे. या क्लबने १९८५, १९८६ आणि १९८७ अशी सलग तीन वर्षे सोव्हिएत विजेतेपद मिळविले. त्यासाठी त्याने मागे टाकला तो सोव्हिएत लष्कराचा बलाढ्य संघ सीएसकेए मॉस्को. कौनासमधील जल्लोष निव्वळ क्रीडाप्रेमाचा नव्हता, हे क्रेमलिनलाही कळत असणार. १९८८ मध्ये सोल ऑलिम्पिकचे सुवर्ण सोव्हिएत संघाच्या नावावर लागले; पण त्यातील आर्विदास साबोनिस, शारुनास मार्च्युलिओनिस, रिमास कुर्तिनाइतिस आणि वाल्देमारास होमिचियुस हे चार आधारस्तंभ लिथुआनियन होते. चारच वर्षांनी बार्सिलोनात हेच चौघे स्वतंत्र देशाच्या गणवेशात उतरले आणि माजी सोव्हिएत गणराज्यांच्या संयुक्त संघाला ८२-७८ असे हरवून त्यांनी कांस्यपदक जिंकले. कफल्लक संघाला अमेरिकेतील ग्रेटफुल डेड या रॉक वाद्यवृंदाने पैसे आणि रंगीबेरंगी टी-शर्ट दिले होते. तेच टी-शर्ट घालून खेळाडू पदक घ्यायला उभे राहिले.

हा वारसा टिकला तो मुलांच्या क्रीडाशाळा आणि क्लबांच्या बळावर. मार्च्युलिओनिस आणि साबोनिस यांनीही आपापल्या नावाने प्रशिक्षण केंद्रे काढली. मात्र आता पेच उभा राहिला आहे तो नेमका येथेच. खेळाडूंनी देश सोडणे नवे नाही. १९९०च्या दशकात शारुनास यासिकेविचियुसही अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात शिकला. पुढे युरोप गाजवून झाल्गिरिसचा प्रशिक्षक म्हणून कौनासला परतला. फरक पैशाचा आहे. त्या काळी अमेरिकी महाविद्यालय फक्त शिष्यवृत्ती देत असे, त्यामुळे मायदेशी व्यावसायिक करार हाही मोहाचा पर्याय होता. २०२१ मध्ये तेथील महाविद्यालयीन खेळाडूंना जाहिरातींतून कमाईची मुभा मिळाली. जून २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर तर विद्यापीठेच खेळाडूंना थेट मानधन देऊ लागली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठासाठी, सर्व खेळ मिळून, सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा ठरली. कौनास वा विल्नियसच्या क्लबने अठरा वर्षांच्या मुलासाठी या तिजोरीशी बरोबरी करायची ती कशी?

राष्ट्रीय संघातील उणीवही येथे लक्षात घ्यायला हवी. उंचपुऱ्या सेंटरची या देशाला कधी ददात पडली नाही. योनास वालान्चियुनास हे त्याचे उदाहरण. सामन्याची सूत्रे हाती ठेवणारा यासिकेविचियुसच्या तोडीचा गार्ड मात्र पुन्हा गवसलेला नाही. ज्याच्याकडून आशा बाळगावी, तो विल्नियसचा कास्पारास याकुचियोनिस किशोरवयातच बार्सिलोनाच्या अकादमीत गेला, तेथून इलिनॉय विद्यापीठात आणि २०२५ मध्ये विसाव्या क्रमांकाने एनबीएच्या मायामी संघात. साबोनिसचा मुलगा डोमांतास एनबीएचा मोठा तारा झाला. पण तो जन्मला अमेरिकेत आणि खेळ शिकला स्पेनमध्ये.

अशा वेळी मुलांना देशप्रेमाचे धडे देणे हा सोपा, परंतु निरुपयोगी उपाय आहे. एकोणिसाव्या वर्षी कुटुंबाचे भवितव्य घडविणारी रक्कम नाकारा, असे सांगण्याचा अधिकार कोणाला? खरा प्रश्न क्लबांच्या भरपाईचा आहे. व्यावसायिक क्लबांमधील आंतरराष्ट्रीय बदल्या फिबाच्या नियमांनी बांधलेल्या आहेत. अमेरिकी महाविद्यालये त्या चौकटीबाहेर वाढली. दहा वर्षे घडविलेला मुलगा हातचा गेल्यावर क्लबला हक्काने काही मिळणार नसेल, तर त्याचे व्यवस्थापन साधा हिशेब मांडील. सतरा वर्षांच्या स्थानिक मुलावर मेहनत घेण्यापेक्षा तयार परदेशी खेळाडू आणणे त्याला स्वस्त पडेल. झाल्गिरिसचे १५ हजार आसनांचे नवे क्रीडागृह त्यानंतरही भरेल, कारण कौनासकरांचे क्लबवरील प्रेम आटणारे नाही. वानवा जाणवेल ती राष्ट्रीय संघ निवडताना.