खाणींचा जुना हिशेब आधी चुकता करा

गोव्यातील खाणपट्ट्यांचे लिलाव डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाले आणि बंद पडलेला व्यवसाय पुन्हा उभा राहू लागला. खाण अवलंबितांना त्याचा दिलासा वाटणे स्वाभाविक आहे. पण आधीच्या लुटीचा हिशेब चुकता झालेला नसताना नवे खोदकाम सुरू व्हावे, हे आम्हाला मान्य नाही.

चीनची लोहखनिजाची मागणी वाढली तशी गोव्याची निर्यात फुगत गेली. २०१०-११च्या सुमारास ती वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात पोहोचली. ऑगस्ट २००९पर्यंत सरकारचे स्वामित्वधन टनामागे ठरलेले काही रुपयेच होते. भाव कितीही चढला तरी वाढीव नफा खाणमालकाच्या खिशात जाई. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. एम. बी. शहा आयोगाने नुकसानीचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचा सांगितला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४मध्ये २२ नोव्हेंबर २००७नंतरचे सारेच खाणकाम बेकायदा ठरवले, कारण पट्ट्यांची मुदतच तेव्हा संपली होती. म्हणजे २०१२मध्ये खाणकाम थांबेपर्यंत जवळपास पाच वर्षे भरलेली बार्ज मांडवी-जुवारीतून दिवसाढवळ्या मुरगावला जात होती आणि पट्ट्यावरची तारीख एकाही खात्याने तपासली नाही. हे दुर्लक्ष फुकट झाले, यावर कोण विश्वास ठेवील?

एवढ्यावरही कुणी शहाणे झाले नाही. लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ला निघाला. त्याच्या तोंडावर राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण करून टाकले. फेब्रुवारी २०१८मध्ये न्यायालयाने तेही रद्द केले. बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांच्या गाड्या दारात गंजल्या. शिरगावसारख्या गावांत विहिरी आटल्या, भातशेतीत खाणीचा गाळ साचला. नफा कमावणाऱ्यांना यातले काहीच सोसावे लागले नाही.

खनिज विकून आलेला पैसा वडिलोपार्जित जमीन विकून आलेल्या पैशासारखा असतो. तो रोजच्या खर्चात उडवला की पुढच्या पिढीच्या हाती काही राहत नाही. नॉर्वेने हे ओळखून १९९०मध्येच तेलाच्या उत्पन्नासाठी कायद्याने निधी उभारला. गोव्यातही विक्रीच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकण्याचा आदेश २०१४च्याच निकालात आहे. त्या निधीत किती जमा झाले, प्रत्येक पट्ट्यातून किती टन माल निघाला आणि तो काय भावाने विकला गेला, हे सरकारने दर महिन्याला जाहीर करावे. आणि २००७ ते २०१२ या काळातील बेकायदा उपशाची कुणाकडून किती वसुली झाली, त्याचा नावानिशी तपशील येत्या अधिवेशनात विधानसभेच्या पटलावर ठेवावा.