शाळेने मनही जपावे

तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून आग भडकली आणि शाकारलेल्या छपराखाली ९४ मुले दगावली. या दुर्घटनेच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशभरातील शाळांना सुरक्षेचे निकष लागू केले. इमारतींचा विचार झाला. मुलांच्या मनाचा तितका झालेला नाही.

चंचल किंवा चिंताग्रस्त मुलांचेच पाहा. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांनुसार अवधानाची कमतरता व अतिचंचलता यांबाबत मुलामुलांत दिसणाऱ्या फरकांचा सुमारे तीन-चतुर्थांश वाटा आनुवंशिक असतो. चिंताविकारांत तो साधारण ३० ते ५० टक्के. म्हणून चंचल मुलाला ‘वाया गेलेले’ ठरवणे आणि आईबापांना दोष देणे, दोन्ही अन्यायाचे आहे. मात्र आनुवंशिकता म्हणजे प्राक्तन नव्हे. आघात, मारहाण आणि अपुरी झोप यांनी चिंता वाढते, लक्ष उडते. धीर देणारी मोठी माणसे भेटली, तर मूल सावरते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील शालेय तपासणीत डोळे-दातांइतकेच महत्त्व मनाला मिळावे. प्रत्येक तालुक्यात शाळांसाठी प्रशिक्षित समुपदेशक नेमावेत. कुंभकोणमसारख्या दुर्घटनेतून वाचलेल्या मुलांची विचारपूस वर्षानुवर्षे चालू ठेवणे ही सरकारची जबाबदारी आहे. ती नुकसानभरपाईच्या धनादेशाने संपत नाही.