गुराख्याच्या कमरेचे पिस्तूल

ऐन दिवाळीत, चकलीचा तुकडा तोंडात असताना, कुणाशी भांडू नये म्हणतात. पण माझे भांडण आधी माझ्याशीच आहे. काही वर्षांपूर्वी मी एक साहसकथा लिहिली. नायक अमेरिकेतला 'काउबॉय'. पावणेदोनशे पानांत त्याने एकोणीस माणसे लोळवली. परंतु एकाही गाईला पाणी पाजले नाही. त्याचा घोडा पानोपानी दौडत होता. त्याला चारा कोण घालत होते, हे लेखकालाही ठाऊक नव्हते. पुस्तक खपले. आज मला त्याची लाज वाटते.

निमित्त घडले आमच्या शाळेत. स्नेहसंमेलनात एक मुलगा रुंद काठाची टोपी घालून, कमरेला टिकल्यांचे पिस्तूल लटकावून आला. टाळ्यांचा कडकडाट झाला. वेषभूषेचे पहिले बक्षीस मीच दिले. त्याच सकाळी गणित चुकलेल्या दुसऱ्या एका मुलाला मी म्हटले होते, "तुझ्याच्यानं हे व्हायचं नाही. जा, गुरं राख!" समारंभ आटोपल्यावर तोच मुलगा जवळ आला.

"गुरुजी, काउबॉय म्हणजे काय हो?"

"गुराखी," मी म्हणालो.

तो काहीच बोलला नाही. नुसता माझ्याकडे पाहत राहिला. वाचकहो, त्या पाहण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी मी पुस्तके धुंडाळली आणि खरा काउबॉय मला प्रथमच भेटला.

त्याची वंशावळ पाहा. स्पॅनिश भाषेत गाईला 'बाका' म्हणतात. ती राखणारा तो 'बाकेरो'. इंग्रजी जिभेवर घोळून त्याचेच 'बकारू' झाले. १७६९ पासून कॅलिफोर्नियात स्पॅनिश धर्मगुरूंची ठाणी उभी राहिली. त्यांची गुरे राखण्यासाठी घोड्यावर बसवले गेले ते तेथील आदिवासी. पुढे १८७२ मध्ये पीट फ्रेंच नावाचा गृहस्थ सुमारे बाराशे गुरे आणि मूठभर बाकेरो घेऊन कॅलिफोर्नियातून ओरेगनच्या आग्नेय भागात गेला. ओरेगन, नेवाडा आणि आयडाहो यांच्या कोरड्या माळांवर ही विद्या अशी रुजली आणि तेथे ती आजही जिवंत आहे. म्हणजे ज्याला आपण गोऱ्या साहेबाचा अवतार समजतो, त्याचे गुरू आदिवासी आणि मेक्सिकन! टेक्सासकडे तर काळे काउबॉयही पुष्कळ होते. धावत्या घोड्यावरून उडी टाकून बैलाला शिंगांनी लोळवण्याचा खेळ प्रसिद्धीस आणणारा बिल पिकेट (१८७०–१९३२) त्यांच्यापैकीच. पडद्यावर यांतले किती दिसले?

आणि त्याची विद्या? ती पिस्तुलात नाही, लगामात आहे. बकारू घोडा तयार करतो तो घाई न करता. आरंभी घोड्याच्या तोंडात लोखंड घालावयाचेच नाही. नाकावर कच्च्या चामड्याचे विणलेले कडे, त्याला 'बोसाल' म्हणतात, आणि घोड्याच्याच केसांच्या दोरीचा लगाम. मग काही काळ दोन लगाम: एक त्या कड्याचा, एक तोंडातल्या लोखंडाचा. शेवटी, काही वर्षांनी, केवळ लोखंडाचा. ते लोखंड असे असते की आडदांड हातात पडले तर जनावराची जीभ फाटावी; जाणत्या हातात मात्र बोटाच्या इशाऱ्यावर घोडा वळतो. दोराचेही तसेच. कातड्याचा वेणीदार दोर साठ-साठ फूट लांब. फास पडला की तो खोगिराच्या खुंटीला जखडून टाकावयाचा नाही. नुसते वेढे द्यावयाचे आणि दोर थोडा थोडा सरकू द्यावयाचा, म्हणजे दोर तुटत नाही, वासराला हिसका बसत नाही. चूक झाली तर वेढ्यात माणसाचाच अंगठा जातो. जनावर सांभाळण्यासाठी स्वतःचा अंगठा पणाला लावणाऱ्याच्या हाती आम्ही काय दिले? पिस्तूल!

टॉम डोरन्स, बिल डोरन्स आणि रे हंट ही गेल्या शतकातली या विद्येतली थोर नावे. घोड्याची रग मोडावयाची नसते, त्याचे मन ओळखावयाचे असते, हा त्यांच्या शिकवणीचा सारांश. घोड्याने आपल्या म्हणण्याकडे एक पाऊल टाकण्याचा नुसता प्रयत्न केला, तरी त्याच क्षणी लगाम सैल करावा. त्यातूनच तो शिकतो. हे वाचले आणि माझ्या हातातली छडी जड झाली. गणितात चुकणारा माझा विद्यार्थीही पहिल्या दोन पायऱ्या बरोबर लिहीत होता. मी लगाम कधी सैल केला?

कोणी म्हणेल, "गुरुजी, करमणूक ती करमणूक! तिला कसली तागडी लावता?" तर १८८३ सालचा हिशेब ऐका. त्या वसंतात टेक्सासच्या उत्तर भागातील काउबॉयांनी चक्क संप केला. महिन्याला साधारण पंचवीस ते चाळीस डॉलर मिळत. त्यांनी पन्नास मागितले. मालकांनी नवी माणसे नेमली आणि संप मोडला. त्याच वर्षी मे महिन्यात ओमाहा शहरी 'बफेलो बिल' याने आपला घोडेस्वारांचा आणि बंदुकांच्या बारांचा तमाशा सुरू केला. जगाने डोक्यावर घेतला तो तमाशा. पगार मागणारा विसरला. करमणूक निरुपद्रवी असती, तर तिने एकाच्या कीर्तीखाली दुसऱ्याची भाकरी झाकली नसती. अमेरिकेच्या केंद्रीय किमान वेतनाच्या कायद्यातून मोकळ्या कुरणांवर गुरे राखणारा कामगार आजही वगळलेला आहे. ज्याच्या टोपीवर जगभर पैसा केला, त्याच्या ताटाला कायद्याचा आधार नाही. ही त्या करमणुकीची किंमत!

आपणही शहाजोगपणा करू नये. वसुबारसेला आपण सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घालतो, तिला हळदकुंकू वाहतो. आणि तिला वर्षभर उन्हातान्हात चारणाऱ्या माणसाचे नाव वर्गात शिवी म्हणून वापरतो. सातासमुद्रापलीकडचा गुराखी मात्र आपल्याला नायक म्हणून चालतो, अट इतकीच की त्याने गुरे राखता कामा नयेत!

माझ्या त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती काढण्याविषयी प्रकाशकांचे पत्र आले आहे. मी नकार कळवला आहे. त्या मुलाला मी बोलावून घेतले आणि माझे चुकले म्हणून सांगितले. तो लाजला. मग म्हणाला, "गुरुजी, आमची तांबडी फक्त माझ्याच हाकेला येते."

या वेळी मी त्याला बसवून घेतले आणि ती कशी येते, हे विचारले. तास संपेपर्यंत तो सांगत होता.